दोंगशीच्या भुवया

लौ फंगश्येन पूर्ववाडीची. फंगश्येन म्हणजे तेरड्याचं फूल. नाव ठेवताना आईच्या मनात काय होतं कोण जाणे, कारण पोर जन्मली ती बसक्या नाकाची, जाड ओठांची, आणि रडायला लागली की डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशा गळ्याची. त्या डोंगरापलीकडे पश्चिमवाडी. मधून ह्वानशा नदी वाहते, आणि चूजी तालुक्यातल्या कुठल्याही पोराला बोलता यायला लागलं की पहिली गोष्ट कळते ती याच दोन वाड्यांची.

गोष्ट अशी, की फार फार वर्षांपूर्वी दोन्ही वाड्यांत शी आडनावाची घरं होती. पश्चिमेकडच्या शींची मुलगी ती सीशी, पूर्वेकडच्या शींची ती दोंगशी. सीशी नदीवर सूत धुवायला बसली की मासे तिच्याकडे बघत पोहायचं विसरायचे आणि तळाला जायचे. तिला छातीचं दुखणं होतं. कळ आली की ती छातीवर हात धरायची आणि भुवया आवळायची, आणि बघणारे म्हणायचे, दुखण्यातसुद्धा काय रूप आहे! दोंगशीनं हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीही छातीवर हात धरून, भुवया आवळून, कण्हत कण्हत गावातून निघाली. श्रीमंतांनी दारं लावून घेतली. गरिबांकडे लावायला धड दारं नव्हती, ते बायकापोरांना घेऊन गावच सोडून गेले.

तेव्हापासून कुणी स्वतःचा वकूब न ओळखता दुसऱ्याची नक्कल करायला गेलं आणि हसं करून घेतलं, की सगळा चीन चार चिनी अक्षरांत मोकळा होतो. 'दोंगशी श्याओ फिन.' दोंगशीनं भुवया आवळल्या. शाळेत मास्तर फळ्यावर लिहितात, कचेरीत साहेब एकमेकांना टोमणे मारतात. पूर्ववाडीच्या मुलींच्या मात्र ही चार अक्षरं पाठीच लागतात. नवी वेणी घातली, रुमाल डोक्यावरून बांधला, की पश्चिमवाडीची पोरं नदीपलीकडून छाती धरून कण्हायला लागतात.

फंगश्येनची आई गोष्ट जरा वेगळी सांगायची. डुकरांना भुसा कालवता कालवता म्हणायची, "सीशीला कळ आली की अख्खं गाव विचारायचं, काय होतंय गं, बस जरा, पाणी पी. आपल्या वाडीच्या पोरीला जन्मात कुणी विचारलं होतं का? तिला वाटलं असेल, असं केलं की विचारतात."

शुआन युलान पश्चिमवाडीची. दोघी एका वर्गात, पुढे एकाच चहाच्या मळ्यात. पानं खुडायला बरोबर जायच्या, पण ऊन चढलं की मुकादम युलानला सावलीत टोपल्या सांभाळायला बसवायचा. "तुझी कातडी जळेल, पोरी," म्हणायचा. फंगश्येनच्या कातडीबद्दल त्याला काळजी नव्हती. संध्याकाळी युलान आपल्या घागरीतलं थंड पाणी तिच्यासाठी राखून ठेवायची आणि फंगश्येन ते प्यायची. पिताना तिच्या मनात यायचं, ही जरा वाईट असती तर किती बरं झालं असतं.

मधली कितीतरी वर्षं जुन्या नाटकांना बंदी होती. ती उठली त्या हिवाळ्यात छ्येन गुरुबाई पूर्ववाडीच्या देवळात येऊन राहिल्या. तरुणपणी त्या शांघायच्या नाटकमंडळीत होत्या. आता दात पडलेले, पण चालताना अजून पायाखाली गालिचा असल्यासारख्या चालायच्या. आमच्याकडच्या नाटकात राजापासून चोरापर्यंत सगळी कामं बायकाच करतात, म्हणून त्यांनी आजूबाजूच्या वाड्यांतल्या मुली गोळा केल्या आणि एकेकीला उभं करून म्हणाल्या, "गा."

युलान गायली. आवाज बारीक, गोड, पण वर जाताना दम संपायचा. मग फंगश्येन गायली. गुरुबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"गळा कुणाचा घेतलास?"

"आईचा."

"ती काय गाते?"

"गात नाही. डुकरांना हाका मारते."

गुरुबाई हसल्या आणि म्हणाल्या, असा गळा मी शांघाय सोडल्यापासून ऐकला नाही. ते वाक्य फंगश्येननं उशाखाली घेऊन झोपावं तसं जपलं. मंडळीचं पहिलं नाटक सीशीचंच बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. चूजीत दुसरं कशाचं बसणार? नदीवरची सूत धुणारी मुलगी, मग शत्रूच्या राजाकडे तिची रवानगी, तिचं रडणं, देशासाठी देह देणं. त्यातली नदीवरची गाणी फंगश्येन मळ्यात, विहिरीवर, डुकरांच्या गोठ्यात गायला लागली.

कामं वाटली गेली. सीशी युलान. दोंगशी फंगश्येन.

ती गुरुबाईंच्या मागे मागे विहिरीपर्यंत गेली. "गळा माझा चांगला असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले."

"मग?"

"लोक नाटक बघायला येतात, पोरी. ऐकायला येत असते तर सगळ्यांना पडद्यामागे बसवून गायला लावलं असतं." गुरुबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, घोड्याचे दात बघावेत तसा. "या चेहऱ्यावर लोक जीव टाकतील. पण हसत."

त्या रात्री फंगश्येन जेवली नाही. सकाळी उठली आणि कामाला लागली, कारण मंडळी सोडली तर पुन्हा चहाचा मळा आणि तो मुकादम.

दोंगशी करायची तर सीशीकडे बघत राहणं आलं. ते तिला शिकवावं लागलं नाही. लहानपणापासून ती दुसरं काय करत होती? युलान पायरी उतरताना आधी कुठला पाय टाकते, बाहीचं टोक कसं दोन बोटांत धरते, शिंक आली तर तोंड कुठे वळवते, सगळं तिला पाठ होतं. आता तिनं तेच उचललं आणि एकेक गोष्ट बोटभर पुढे नेली. पाऊल जरा जास्त नाजूक, मान जरा जास्त कलती, उसासा जरा लांब. नाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ओठावर मसूरडाळीएवढा तीळ, डोक्यात लाल फुलांचा भारा. धुण्याची टोपली कमरेला लावून ती रंगमंचावर यायची, नदीकाठी बसलेल्या सीशीला बघून थबकायची, हळूच छातीवर हात ठेवायची आणि भुवया आवळायची.

पहिल्या खेळाला लोकांनी बाकं बडवली. दुसऱ्या गावात एका म्हातारीला हसून ठसका लागला, तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. तिसऱ्या गावात लोक सीशीचं गाणं चालू असतानाच विंगेकडे बघायला लागले, ती दुसरी कधी येते म्हणून.

याचा फंगश्येनला आनंद व्हायला हवा होता. व्हायचाही, खेळ संपेपर्यंत. मग रंग पुसला की बाहेर गावचे लोक उभे असायचे, रेशमाचे तागे, संत्री, अंडी घेऊन. ते सगळं युलानला. फंगश्येनला मिळायची फर्माईश. बाजारातला टोफूवाला युलानला म्हणायचा, "सीशीच्या नावाचा पदार्थ, सीशीकडून पैसे कसे घेऊ?" आणि फंगश्येनला म्हणायचा, "दोंगशीबाई, एकदा भुवया करा, मग देतो." ती करायची. सगळा बाजार हसायचा. टोफूचा गरम पुडा घेऊन ती घरी जायची तेव्हा पुड्यापेक्षा तिचे कान जास्त तापलेले असायचे.

चूजीत लग्न असो की बारसं, पंगतीत पहिलं काय येतं तर टोफूची दाट गरम आमटी, सीशीच्या नावाची. एकदा एका गावानं मंडळीला जेवण दिलं. वाडगा समोर आला तशी फंगश्येन बोलून गेली, "हिच्या नावानं आमटी. माझ्या नावानं काय, नुसता ठसका?"

सगळ्या हसल्या. युलाननं आपला वाडगा तिच्या वाडग्यात अर्धा ओतला. "घे गं. अर्धी तुझ्या नावाची."

फंगश्येननं ती आमटी खाल्ली आणि ती घशात टोचत राहिली. काटे नसलेला पदार्थ तो.

मंडळीचे पेटारे गावोगाव न्यायला त्साइगन नावाचा एक ट्रॅक्टरवाला होता. छोटा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, त्यावर पेटारे आणि पेटाऱ्यांवर मुली. माणूस उंच, मान खाली घालून बोलणारा. एक दिवस त्यानं भाजलेल्या डोंगरी दाण्यांची पिशवी फंगश्येनच्या हातात दिली. फंगच्याओकडचे दाणे, महागाचे.

"युलानला देते," ती म्हणाली. तिची सवयच होती ती. पुरुषांनी काही दिलं की ती न विचारता पोचवायची.

"युलानला नाही."

"मग कुणाला?"

"ती दुसरी असते ना," त्साइगन कान खाजवत म्हणाला, "नाकाला चुना लावलेली. तिला."

"ती मी आहे, मूर्खा!"

"माहितीय. म्हणूनच तुझ्या हातात दिले."

वर्षभरात सोयरीक ठरली. तरीही ट्रॅक्टर चालवताना त्याची मान मागे वळली की फंगश्येन बघायची, कुणाकडे वळली. तो म्हणायचा पेटारे बघतो. पेटाऱ्यांवर युलान बसलेली असायची.

त्या उन्हाळ्यात युलानला दम लागायला लागला. जिना चढली की थांबायची, बोटं निळसर दिसायची. खेळ चालू असताना ती नदीकाठी बसायची आणि छातीवर हात ठेवायची तेव्हा लोकांच्या तोंडून हाय निघायचं. खेळ संपल्यावरही हात तिथेच असायचा. मंडळीतल्या मुली तिच्यासाठी पाणी आणायच्या, पेटारा उचलू द्यायच्या नाहीत. गुरुबाई तिला आपल्या खोलीत झोपवायच्या. त्साइगननं ट्रॉलीत तिच्यासाठी गवताची गादी केली.

ही गादी फंगश्येनला सहन झाली नाही. तिला खरंच वाटायचं की युलान सोंग करते. रंगमंचावर सीशी, खालीही सीशी. चोवीस तास हिलाच विचारायचं का, काय होतंय म्हणून?

एका दुपारी खेळाआधी सगळ्या रंगायला बसल्या होत्या. युलान बाहेर गेली होती. फंगश्येन उठली. तोंडाला अजून रंग नव्हता, डोक्यात फुलं नव्हती. तिनं छातीवर हात ठेवला, आणि रंगमंचावरची नव्हे, ही खालची युलान करून दाखवली. पेटाऱ्याच्या कडेला धरून हळूच टेकणारी, 'काही नाही गं, होईल बरं' असं पुटपुटत पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेणारी, पेल्यावरून डोळे वर करून ट्रॅक्टरवाला बघतोय का ते बघणारी. शेवटचं तिनं स्वतःचं घातलं होतं. मुली हसून लोळायला लागल्या.

मग हसणं एकदम तुटलं. दारात युलान उभी होती.

ती आत आली, आरशापुढे बसली, तिनं ब्रश उचलला. आरशातूनच तिनं फंगश्येनकडे पाहिलं.

"हात जरा वर धरतेस तू," ती म्हणाली. "दुखतं ते इथे. खाली, डावीकडे."

त्या दिवशीच्या खेळात फंगश्येनचा हात आपसूक खाली गेला, डावीकडे. हशा नेहमीपेक्षा मोठा आला. ती टोपली घेऊन विंगेत परतली तेव्हा तिनं मागे वळून युलानकडे पाहिलं नाही. रात्री मात्र तो हशा कानात घोळवत ती झोपली. हेही खरंच आहे.

दोन गावं पुढे, पेटारे चढवताना, युलान ट्रॉलीच्या चाकाशी बसली ती उठलीच नाही. ओठ शाईसारखे झाले होते. त्साइगननं पेटारे रस्त्यात उतरवले आणि तिला ट्रॉलीत घालून तालुक्याला नेलं, तिथून पुढे हांगचौला. हृदयातली एक झडप जन्मापासून अर्धवट होती, असं डॉक्टर म्हणाले. सोंग नव्हतं.

मंडळीनं पुढच्या गावाच्या जत्रेची सुपारी घेतली होती. माघार घेता येत नव्हती. गुरुबाईंनी फंगश्येनला बोलावलं. "सगळी गाणी येतात?"

"येतात."

"कधीपासून?"

"तुम्ही कामं वाटलीत त्याच्या आधीपासून."

गुरुबाईंनी सीशीचा निळा झगा तिच्यापुढे ठेवला. तो छातीत घट्ट होता, रात्रभर बसून बाजूची शिवण उसवावी लागली. फंगश्येनच्या मनात युलानची काळजी होती, नव्हती असं नाही. पण काळजीच्या खाली दुसरं काहीतरी उड्या मारत होतं. ती ते दाबत होती आणि ते पुन्हा वर येत होतं. आरशात तिनं पांढरा ठिपका न लावलेलं आपलं नाक बघितलं. गुलाबी रंगात, भुवया रेखून, ती वाईट दिसत नव्हती. खरंच नव्हती.

जत्रेतला दुपारचा खेळ. देवळापुढचं अंगण माणसांनी भरलेलं, भिंतींवर पोरं चढलेली. ती नदीकाठी येऊन बसली आणि पहिलं गाणं तिनं उचललं. लोक बोलायचे थांबले. ऊस चघळणाऱ्यांनी ऊस खाली घेतले. वरच्या सुराला युलान जिथे दम राखून निसटायची तिथे फंगश्येन सरळ चढून गेली आणि वर थांबली, आणि अंगणाच्या टोकापासून दाद आली. विंगेत गुरुबाई डोळे मिटून उभ्या होत्या. आयुष्यातली ती तेवढी काही मिनिटं फंगश्येनची होती. तेव्हा तिला युलानचा हेवा वाटत नव्हता. कुणाचाच नाही.

मग कळ यायची जागा आली. तिनं सूत खाली ठेवलं, छातीवर हात ठेवला आणि भुवया आवळल्या.

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा फिस्सकन हसला. त्यानं लगेच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. शेजारचा हसला. भिंतीवरची पोरं हसली. तिनं भुवया आणखी आवळल्या, डोळ्यांत पाणी आणलं, पाणी खरंच होतं, आणि तसतसा हशा वाढत गेला. कुणीतरी ओरडलं, "दोंगशी! वा! आज सीशीचा झगा चोरून आणलाय!" लोकांना वाटलं ही नवीन गंमत आहे. मागून दुसरी मुलगी खरी दोंगशी म्हणून नाकाला रंग लावून आली तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. हसून झालं होतं.

फंगश्येननं खेळ शेवटापर्यंत नेला. देशासाठी रडली, राजासमोर गायली, नदीत उतरली. लोक आनंदानं घरी गेले.

गुरुबाई पेटाऱ्यावर येऊन तिच्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा चेहरा मीच त्यांना हसायला देऊन टाकला, पोरी. आता तो परत मागता येत नाही."

बाहेर ट्रॅक्टरजवळ त्साइगन उभा होता. तिनं त्याला गाठलं. "तू हसलास?"

त्यानं मान खाली घातली.

"तोंड आहे का नाही? हसलास?"

"हसलो."

"सगळे हसले म्हणून?"

"नाही. तू भुवया केल्यास म्हणून. सवय झालीय ना." आणि मग घाबरून, "पण गाणं... गाण्याला मी रडलो होतो. ते विचारलं नाहीस तू."

तिनं त्याच्या नडगीवर लाथ मारली आणि चालत निघाली. पुढच्या गावापर्यंत तो ट्रॅक्टर तिच्या चालीनं मागे मागे चालवत राहिला.

युलानचं हृदय उघडून झडप शिवली. फंगश्येन भेटायला हांगचौला गेली ती माफी मागायची असं ठरवून. बसमध्ये वाक्यं जुळवत होती. खोलीत शिरली आणि वाक्यं गेली. युलान पांढऱ्या चादरीत पांढरी पडली होती आणि होती त्याहून सुंदर दिसत होती. एक परिचारिका तिचे केस विंचरत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा तिच्यासाठी नासपती सोलत होता. मरता मरता वाचली तरी ही अशीच दिसणार, फंगश्येनच्या मनात आलं, आणि पोटात तोच जुना निखारा हलला.

"खेळ झाला का गं?" युलाननं विचारलं.

"झाला."

"तू केलीस सीशी?"

"केली."

"कशी झाली?"

"छान. लोक रडले." जीभ आपली आपण बोलून गेली. "बायका बाही तोंडाला लावून रडत होत्या. वरच्या सुराला तर सगळं अंगण गप्प."

युलान म्हणाली, "वा." पण ते म्हणण्याआधी तिच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. ओठाचं टोक जरासं आत ओढलं गेलं, नजर खिडकीकडे गेली आणि परत आली. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. फंगश्येननं ते गर्दीत, अंधारात, कुठेही ओळखलं असतं. इतकी वर्षं ते तिच्या स्वतःच्या तोंडावर राहत होतं.

तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, थंडीत वाडगा हातात धरावा तसं. तिनं ते थोडा वेळ धरून ठेवलं. मग युलान चादरीची कड चोळत बसलेली तिला दिसली आणि वाडगा निवत गेला.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "हसले. मी भुवया आवळल्या आणि भिंतीवरून पोरं पडली हसून. एक म्हणाला, दोंगशीनं झगा चोरला."

युलान तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज निघाला. मग ती हसायलाच लागली, टाके धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. "अगं नको... दुखतंय... झगा चोरला!"

"हस, हस. मर हसून," फंगश्येन म्हणाली, आणि तिलाही आवरेना. परिचारिकेनं दोघींना झापलं आणि फंगश्येनला खोलीबाहेर काढलं. माफी मागायची राहूनच गेली.

युलान पुन्हा गायली नाही. डॉक्टरांनी मना केलं. तिनं शानश्याहूच्या एका मोत्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि तळ्याकाठी तिचं तीन मजली घर झालं. फंगश्येननं त्साइगनशी लग्न केलं आणि गुडघे गेले तोवर दोंगशी केली. इतकी केली की लांबलांबची गावं बोलावणं पाठवताना सांगायची, सीशी कुणीही आणा, दोंगशी पूर्ववाडीचीच पाहिजे. सीशी बदलत गेल्या. एक लग्न होऊन गेली, एक जाड झाली, एक शहरात गेली. त्यांच्यापैकी कुणाचाच फंगश्येनला हेवा वाटला नाही. तो तिनं युलानसाठी राखून ठेवला होता.

त्साइगन कधी मोत्यांच्या पेट्या वाहायला शानश्याहूला जायचा. परत आला की चौकशी व्हायची.

"जेवलास तिकडे?"

"हो."

"काय होतं?"

"भात. मासा. वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस."

"वर काय घातलं होतं?"

"भातावर?"

"तिनं, मेल्या! तिनं काय घातलं होतं?"

"कपडे," त्साइगन म्हणायचा, आणि पाय धुवायला निघून जायचा.

युलानच्या नवऱ्याच्या माघारी तीन मजल्यांत ती एकटीच उरली. मुलं शांघायला. तेव्हा ती दर वसंतात पूर्ववाडीच्या देवळातल्या जत्रेला येऊ लागली आणि फंगश्येनकडे राहू लागली. तिचे केस पांढरे झाले तेही चांदीसारखे झाले. फंगश्येनचे राखेसारखे. एकाच आरशापुढे दोघी विंचरायच्या तेव्हा फंगश्येन बोलून दाखवायची, "केससुद्धा वशिल्याचे."

परवाच्या जत्रेत तिघं पुढच्या बाकावर बसली होती, मध्ये युलान. कुठल्याशा नव्या मंडळीचं सीशीचं नाटक होतं. छातीला बारीक माईक लावलेल्या मुली, रंगीत दिवे. सीशी ठीक होती. मग टोपली घेऊन दोंगशी आली. बावीसेक वर्षांची पोर, पाठीला कुबड काढून, बदकासारखी. तिनं सीशीकडे पाहिलं, आपल्या टोपलीत पाहिलं, टोपलीतला ओला कपडा काढून कपाळावर पट्टी बांधली आणि मग भुवया आवळल्या.

युलान हसली. नुसती नाही, पुढे वाकून, गुडघा बडवून हसली. त्साइगन तर बाकावरून घसरायच्या बेतात आला.

फंगश्येन सरळ बसून राहिली. युलानला तळ्याकाठचं घर मिळालं, मोती मिळाले, ते सगळं तिनं गिळलं होतं. पण युलाननं दुसऱ्या दोंगशीला हसावं?

"इतकं काय त्यात?" ती म्हणाली. "कुबड कशाला काढलंय? दोंगशी म्हातारी होती का?"

"कपाळाची पट्टी बघ ना!" युलान डोळे पुसत म्हणाली.

"पट्टी! पट्टी बांधून कुणीही हसवेल."

मध्यंतर झालं तशी ती उठली आणि गुडघे सांभाळत मागे गेली. मुलगी पेटाऱ्यावर बसून शेवया ओरपत होती. फंगश्येनला बघताच ताडकन उभी राहिली, वाडगा कुठे ठेवावा कळेना. "गुरुबाई! तुम्ही पुढे बसला होतात. मला पायच उचलेनात."

ते ऐकून फंगश्येनच्या ओठावर आलेलं सगळं जरा मागे सरलं. तिनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. बसकं नाक, मोठे कान. बाहेर दारापाशी गावातले लोक फुलं घेऊन उभे होते आणि सगळे सीशी झालेल्या मुलीकडे बघत होते.

"नाकाला रंग जास्त झालाय," फंगश्येन म्हणाली. "थोडा कमी लाव. आणि गळा आहे का तुला?"

"आहे, गुरुबाई."

"मग गा कधीतरी. त्यांना आवडो न आवडो." आणि मागे न बघता ती परतली.

"काय म्हणालीस तिला?" युलाननं तिच्यासाठी जागा करत विचारलं.

"रंग जास्त लावतेस म्हटलं."

"आणि?"

"बरी करतेस, असंही म्हटलं."

"खरंच?"

"नाही."

ढोल वाजला, दिवे बदलले. तिघं पुढे बघू लागली. दोंगशी पुन्हा टोपली घेऊन आली तेव्हा फंगश्येन रंगमंचाकडे बघत नव्हती. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्या दोघांकडे बघत होती, हसतात की काय.